जनसुनावणीवर बहिष्कार टाकायचा की आत जाऊन बोलायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. गावाला लागून चुनखडीच्या खाणीचा प्रस्ताव आलाय. पर्यावरणविषयक जनसुनावणीची जाहिरात पेपरात येऊन गेली, आता तीन आठवडे उरलेत. गावच्या समितीत दोन तट पडलेत. एक म्हणतो बहिष्कार टाकू, दुसरा म्हणतो जाऊन बोलू. विचारणारे गृहस्थ नोकरीसाठी शहरात असतात, शेत वडिलांच्या नावावर आहे, आजवर एकाही मोर्चात गेलेले नाहीत. त्यांना कळत नाहीये की आपल्या एकट्याच्या येण्याने काय फरक पडणार, आणि घरच्यांना धास्ती आहे की पोलिस केस झाली तर नोकरीचं काय.

जा. आणि शक्य झालं तर समितीलाही बहिष्कारापासून परतवा.

मी पहिली जनसुनावणी पाहिली ती मांडवाच्या बाहेरून. पंधरा-सोळा वर्षं झाली. आम्ही बहिष्कार टाकला होता. रस्त्यावर पाच-सहाशे माणसं, घोषणांनी घसा बसलेला, दुसऱ्या दिवशीच्या पेपरात चार कॉलमी फोटो. आपण जिंकलो, अशी आमची खात्री. महिन्याने माहिती अधिकारात इतिवृत्ताची प्रत काढली. त्यात आमच्याबद्दल एकच ओळ होती: ‘काही नागरिकांनी सभास्थळाबाहेर घोषणा दिल्या.’ आत जी चाळीसेक माणसं बसली होती, त्यातली बरीचशी आसपासच्या गावांतून जीपने आणलेली, त्यांची भाषणं मात्र नावानिशी दोन पानं. ‘स्थानिक तरुणांना रोजगार मिळेल’ हे वाक्य अकरा वेळा आलं होतं, मी मोजलं. पुढे मंजुरीची शिफारस करणाऱ्या दिल्लीतल्या तज्ज्ञ समितीपुढे गेले ते हे कागद. आमचा घसा तिथवर पोचलाच नाही.

बहिष्काराने सुनावणी रद्द होते, हा समज फार पसरलेला आहे. १४ सप्टेंबर २००६ च्या ज्या अधिसूचनेखाली ही सुनावणी होते, तिच्या परिशिष्ट ४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की कामकाज सुरू करायला कोरम, म्हणजे ठरावीक किमान हजेरी, लागत नाही. ग्रामसभेला लागतो, पंधरा टक्के मतदार किंवा शंभर, यातली कमी असेल ती संख्या. इथे मात्र मंडपात सात माणसं असली तरी सुनावणी ‘झाली’. म्हणून लोक बाहेर राहिले तर त्याचा फायदा कुणाला, हे उघड आहे.

याच परिशिष्टात आणखी दोन-तीन गोष्टी आहेत, त्या समितीतल्या प्रत्येकाला तोंडपाठ पाहिजेत. सूचना किमान तीस दिवस आधी हवी, एका राष्ट्रीय आणि एका प्रादेशिक भाषेतल्या दैनिकात. जिथे पेपर पोचत नाही तिथे दवंडी पिटून कळवायचं, हे शब्दशः लिहिलेलं आहे. तुमच्या वाड्या-तांड्यांवर दवंडी झाली का? झाली नसेल तर तो तुमचा पहिला लेखी मुद्दा, आणि तो सुनावणीच्या आधी गेला पाहिजे. नंतर गेला तर ‘हजर राहिलात म्हणजे माहिती होतीच की’ असं उत्तर मिळतं. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अप्पर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असावा लागतो. नायब तहसीलदाराला खुर्चीत बसवलं असेल तर तिथल्या तिथे उभं राहून ते नोंदवायला सांगा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि यात मी जरा रेंगाळणार आहे, कारण इथेच बहुतेक गावं हरतात.

सुनावणीचा निकाल त्या दिवशी लागत नाही. तिथे मतदान नसतं. ‘आमचा विरोध आहे’ असं पाचशे जण म्हणाले तरी ती एक हरकत म्हणून नोंदली जाते आणि कंपनीचा सल्लागार उत्तराच्या रकान्यात लिहितो, ‘नोंद घेतली.’ संपलं. नियम असा आहे की लोकांनी मांडलेला प्रत्येक मुद्दा आणि त्यावर कंपनीचं उत्तर अशी यादी तयार होते, मराठीत आणि इंग्रजीत, आणि ती कंपनीच्या अंतिम पर्यावरण परिणाम अहवालाला (खाणीमुळे परिसरावर काय परिणाम होतील ते मांडणारा) जोडून तज्ज्ञ समितीपुढे जाते. म्हणून मुद्दा असा मांडायचा की त्याला ‘नोंद घेतली’ हे उत्तर देताच येऊ नये.

याचं एक उदाहरण मी डोळ्यांनी पाहिलंय. दुसऱ्या एका खाणीची सुनावणी. अहवालात लिहिलं होतं की परिसरातल्या विहिरींचं पाणी उन्हाळ्याआधी आठ ते दहा मीटरवर असतं. साठीच्या पुढच्या एक आजी माइकपाशी आल्या, हातात विहिरीची दोरी. तिला गाठी मारलेल्या. आजींच्या सासऱ्यांपासूनची रीत होती म्हणे, दर महिन्याच्या अमावस्येला दोरी पाण्याला टेकवायची आणि काठाशी गाठ मारायची. त्यांनी टेबलावर दोरी पसरली आणि एकेक गाठ बोटाने दाखवत गेल्या, ‘ही पौषाची, ही माघाची, ही फाल्गुनाची.’ मग विचारलं, ‘साहेब, तुमच्या माणसानं कुठल्या विहिरीत कुठल्या महिन्यात मोजलं?’ प्रदूषण नियंत्रण मंडळाचा अधिकारी लिहीत होता, तो थांबला. त्याने कंपनीच्या सल्लागाराकडे बघितलं. सल्लागाराने अहवाल चाळला. विहिरींची यादी होती, पण त्यात या वाडीतली एकही विहीर नव्हती, आणि मोजणी एकाच मोसमातली होती. हे सगळं कॅमेऱ्यावर, कारण पूर्ण सुनावणीचं चित्रीकरण करणं मंडळावर बंधनकारक आहे.

त्या दोरीला ‘नोंद घेतली’ म्हणता आलं नाही. तज्ज्ञ समितीने भूजलाचा नव्याने अभ्यास मागवला. खाण थांबली नाही, हेही सांगून ठेवतो. पण खाणीची खोली घटली, आणि आसपासच्या विहिरींची पातळी नियमित मोजून कळवण्याची अट पडली. गाव त्यावर खूश नव्हतं. मीही नव्हतो. तरी पहिल्या बहिष्काराच्या गावाला जे मिळालं त्यापेक्षा हे कितीतरी जास्त होतं.

तर तीन आठवड्यांत काय करायचं? अहवाल मिळवा. मसुदा आणि त्याचा मराठी सारांश जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र आणि प्रदूषण मंडळाच्या कार्यालयात ठेवलेला असतो. तो बघायला कुणाच्या परवानगीची गरज नाही. ‘साहेब आल्यावर या’ म्हणाले तर तेवढंच अर्जात लिहून आवक क्रमांक घ्या. मराठी सारांश वीसेक पानांचा असतो आणि बहुधा भाषांतर इतकं भयाण असतं की त्यातून काही हाती लागत नाही. इंग्रजी अहवाल चारपाचशे पानांचा. घाबरू नका, सगळा वाचायचा नसतो. ढाचा सगळीकडे सारखाच असतो. तिसरं प्रकरण उघडा, त्यात परिसराची आजची स्थिती असते: हवा, पाणी, शेती, झाडं, पक्षी, माणसं. इथे तुम्ही तज्ज्ञ आहात, सल्लागार नाही. ओढा ‘हंगामी’ लिहिलाय आणि तुमच्याकडे तो मे महिन्यातही वाहतो? शाळा दोन किलोमीटरवर दाखवलीय आणि प्रत्यक्षात सातशे मीटरवर आहे? संत्र्याच्या बागांना ‘पडीक’ म्हटलंय? पान क्रमांक टिपा, फोटो काढा, सातबारा जोडा. पाचवं प्रकरण पर्यायांचं असतं. ‘दुसरी जागा का नाही’ याचं उत्तर तिथे असायला हवं, आणि बऱ्याचदा ते अर्ध्या पानात उरकलेलं असतं.

चुका किती टोकाच्या असतात यावर नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका बॉक्साइट खाणीच्या अहवालातले परिच्छेद रशियातल्या खाणीच्या अहवालातून उचललेले निघाले होते. ते कुणीतरी बसून वाचलं म्हणून निघालं. आणि ही नुसती गंमत म्हणून सांगत नाही. जाणूनबुजून खोटी किंवा दिशाभूल करणारी माहिती दिली असेल तर अर्ज फेटाळता येतो, दिलेली मंजुरीही रद्द करता येते. अधिसूचनेच्या आठव्या परिच्छेदात तसं आहे. तुमच्या पत्रात त्या परिच्छेदाचा उल्लेख असला की वाचणारा जरा सरळ होऊन बसतो.

विषय वाटून घ्या. दहा जण दहा विषय. एक पाण्यावर, एक सुरुंगांनी घरांना जाणाऱ्या तड्यांवर, एक ट्रकच्या रस्त्यावर, एक गायरानावर, एखादी ताई शाळेच्या वाटेवर. प्रत्येकाने तीन मिनिटं, एक मुद्दा, एक पान क्रमांक आणि शेवटी एक प्रश्न. ‘याचं उत्तर इतिवृत्तात नोंदवा’ हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी. भाषण लिहून न्या, एक प्रत टेबलावर द्या, दुसरीवर पोच घ्या. आणि कृपा करून एकाच मजकुराच्या चारशे झेरॉक्सवर सह्या घेऊ नका. आम्ही तेही करून बसलोय. ती चारशे पत्रं इतिवृत्तात एका ओळीत आली, ‘समान आशयाची ४०० निवेदने’, आणि त्यांना मिळून एक उत्तर. तीस माणसांनी आपापल्या शेताबद्दल, आपापल्या हस्ताक्षरात, शुद्धलेखनाच्या चुकांसकट लिहिलेली तीस पत्रं त्याहून भारी पडतात, कारण प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यावं लागतं.

तुमच्या ‘एकट्याच्या येण्याने काय’ याचं उत्तरही यातच आहे. तुम्हाला इंग्रजी वाचता येतं, एक्सेल येतं, पीडीएफमध्ये शब्द शोधता येतो. गावाकडे घोषणा देणारे पुष्कळ आहेत. तिसरं प्रकरण रात्री बसून वाचणारा आणि सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर ‘काका, पान १४७ वर आपली विहीर नाहीये’ असं कळवणारा बहुधा एकही नसतो. शहरातून येणाऱ्याने एक पथ्य पाळावं: माइक गावकऱ्यांच्या हातात राहू द्या. तुम्ही स्वतः बोललात तर वडिलांच्या शेताबद्दल बोला, ते तुमचंच आहे. जागतिक तापमानवाढीवर नको, तिथे ते ऐकायला कुणी थांबत नाही.

ग्रामसभेचा ठराव आधीच करून ठेवा आणि नक्कल सुनावणीत सादर करा. ठरावाने खाण आपोआप अडते असं मात्र कुणी सांगत असेल तर ते अर्धसत्य आहे. ओडिशातल्या नियमगिरीचा दाखला नेहमी दिला जातो. तिथे सर्वोच्च न्यायालयाने १८ एप्रिल २०१३ च्या निकालात निर्णय ग्रामसभांकडे सोपवला, त्या सभा जिल्हा न्यायाधीशांच्या देखरेखीखाली झाल्या, आणि बाराच्या बारा सभांनी खाणीला नकार दिला. पण तो प्रश्न वनजमिनीचा आणि वनहक्क कायद्याखालच्या हक्कांचा होता. तुमची जमीन खासगी शेतीची असेल तर ठरावाचं वजन पुराव्याइतकं, नकाराधिकाराइतकं नाही. खाणीच्या लीजच्या (भाडेपट्ट्याच्या) नकाशात थोडी जरी वनजमीन येत असेल तर मात्र गोष्ट बदलते. म्हणून गट क्रमांक एकेक करून तपासा.

तर मग मोर्चा काढायचाच नाही का? काढा, पण तो कशासाठी हे ठरवून. मुंबईत मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत झालेल्या झाडतोडीचं उदाहरण घ्या. ४ ऑक्टोबर २०१९ ला मुंबई उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री झाडांवर करवती चालल्या. लोक अंधारात धावून गेले, धरपकड झाली. तोड थांबली ती ७ ऑक्टोबरला, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने, आणि ते प्रकरण न्यायालयापुढे आलं होतं कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना लिहिलेल्या पत्रावरून. तोवर २,१४१ झाडं पडली होती. त्या रात्रीच्या गर्दीशिवाय पत्राला ती निकड आली नसती, असं माझं मत आहे. पत्राशिवाय गर्दी पोलिस ठाण्यात जाऊन संपली असती, हेही तितकंच खरं. तुमच्या बाबतीत मोर्चाची जागा सुनावणीच्या आधी आठवडाभर, तालुक्याला, अहवालाची प्रत गावात मिळावी एवढ्या एका मागणीसाठी. छोटी मागणी, तारीख ठरलेली, निवेदनावर पोच.

पोलिसांचं. सुनावणीला सरकारनेच जाहिरात देऊन बोलावलेलं असतं. तिथे बोललात म्हणून गुन्हा दाखल होण्याचं कारण नाही. आदल्या दिवशी समितीच्या दोघा-तिघांना नोटीस येते, पूर्वी तिला सगळे ‘१४९ ची नोटीस’ म्हणायचे, नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो कलम १६८ झालाय. ती समज आहे, अटक नव्हे. घ्या, सहीखाली तारीख-वेळ घाला, फोटो काढा, घरच्यांना समजावून सांगा. जिल्ह्यात महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ खाली जमावबंदी आहे का, हे मोर्चाआधी ठाण्यात विचारून घ्या. आमचे लोक अडकले ते बहुतेक वेळा इथेच, विनापरवाना पाच-पंचवीस जण जमले म्हणून. तुम्ही सरकारी नोकरीत असाल तर वर्तणूक नियम आधी वाचा आणि लेखी हरकत वडिलांच्या नावाने द्या. खासगी नोकरीत असाल तर कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घालून येऊ नका, एवढंच.

गावातल्या गावात एक गोष्ट जपा. खाणीला पाठिंबा देणारे सगळे विकले गेलेले नसतात. कुणाचा ट्रॅक्टर हप्त्यावर आहे, कुणाचा मुलगा आयटीआय करून तीन वर्षं घरी बसलाय. त्यांना मांडवात हूट केलंत तर चित्रीकरणात तेवढंच ठळक दिसतं आणि ‘विरोधकांनी गोंधळ घातला’ अशी ओळ पडते. शिवाय खाण येवो न येवो, लग्नाकार्याला त्यांच्याच दारात जायचंय. वर्गणीचं पावतीपुस्तक ठेवा. समित्या कंपनीमुळे फुटतात त्यापेक्षा जास्त हिशोबावरून फुटतात.

सुनावणीच्या दिवशीचं एक कसब आहे, आणि ते फारसं कुणी सांगत नाही. दारात हजेरीची वही असते. गावात हटकून कुजबुज पसरते की सही केली म्हणजे संमती दिली. तसं काही नाही, ती फक्त हजेरी आहे आणि अहवालाला जोडली जाते. तरीही शंका असेल तर सहीपुढे ‘हरकत आहे’ असं लिहा. मग दुपारी जेवणाची पाकिटं वाटतात, ऊन चढतं, बायांना चारा-पाण्याला जायचं असतं, मांडव रिकामा होतो. नेमकं शेवटी ते येतं ज्यासाठी थांबायचं असतं: मंडळाच्या अधिकाऱ्याने लिहिलेला सारांश उपस्थितांना स्थानिक भाषेत वाचून दाखवायचा असतो, आणि त्याच दिवशी अध्यक्षांनी त्यावर सही करायची असते. तो वाचताना मांडवात तुमची किमान वीस माणसं असू द्या, आपापल्या भाषणाची प्रत हातात धरून. मुद्दा गळला की हात वर. ‘पाण्याबाबत काही ग्रामस्थांनी चिंता व्यक्त केली’ असं आलं की म्हणा, ‘नाही साहेब, गट क्रमांक घालून लिहा.’ मी अधिकाऱ्यांना कुरकुरत का होईना, चार-चार ओळी वाढवताना पाहिलंय. रिकाम्या मांडवात कुणी वाढवत नाही.

मंजुरी मिळालीच तर वेळ कमी असतो. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणात अपील तीस दिवसांत, सबळ कारण असेल तर आणखी साठ दिवस, त्यापुढे दार बंद. पश्चिम विभागाचं खंडपीठ पुण्यात आहे आणि नुकसानभरपाई मागत नसाल तर न्यायालयीन शुल्क हजार रुपये. वकिलाचा खर्च वेगळा, पण इतिवृत्तात मुद्दे नीट आले असतील तर वकिलाचं निम्मं काम झालेलं असतं. अपील नाही केलं तरी मंजुरीपत्रातल्या अटी वाचून काढा. त्यांचं पालन कसं चाललंय याचा अहवाल कंपनीने दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबरला द्यायचा असतो आणि तो कुणालाही पाहता येतो. त्या दोरीवाल्या आजींच्या वाडीतली पोरं आजही तो उघडून विहिरींचा तक्ता आधी बघतात, मग दोरी.

आणि रजा एक दिवसाची टाकू नका, दोन दिवसांची टाका. सारांश वाचून सही होईस्तोवर अंधार पडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मंडळाच्या कार्यालयात जाऊन सही झालेल्या इतिवृत्ताच्या प्रतीसाठी अर्ज द्यायला कुणीतरी लागतंच.